वाचक विचारतात: रिव्हनची बेटं फुटतात कशामुळे?

मिस्ट आणि रिव्हन या दोन कॉम्प्युटर गेमबद्दल आलेले प्रश्न यावेळी एकत्र घेतोय (रिव्हन हे दुसऱ्या गेमचं नाव आणि तो जिथे घडतो त्या जगाचंही). रिव्हन अजून खेळला नसाल तर आधीच सांगून ठेवतो, खाली कथेतल्या काही गोष्टी उघड होणारेत, शेवट मात्र सांगत नाही.

प्रश्न: २०२४ मध्ये रिव्हन नव्याने आला तेव्हापासून घ्यायचं मनात आहे. आधी मिस्ट खेळायलाच हवा का? (वाचक, नाशिक)

हो, आधी मिस्टच घ्या, फार मोठा नाहीये. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी १९९३ मध्ये त्यांच्या सायन कंपनीतून काढलेला गेम, तोही मॅकवरच्या हायपरकार्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एकेक दृश्य हे एकेक चित्र, क्लिक केलं की पुढचं चित्र, अशी जवळपास २५०० चित्रं. आणि एवढ्या साध्या गोष्टीवर तो २००२ मध्ये द सिम्स या गेमने मागे टाकेपर्यंत पीसीवरचा सगळ्यात जास्त खपलेला गेम होता. पुस्तकातल्या हलत्या चित्रावर हात ठेवला की आपण त्या जगात, ही मूळ कल्पना तिथे अंगवळणी पडते. तिथली जगं सुंदर आहेत, खडकात अर्धं रुतलेलं जहाज, पाण्यात उभ्या झाडांवरच्या झोपड्या, पण सगळी ओसाड. माणसं गेलेली, यंत्रं तेवढी उरलेली. रिव्हनमध्ये माणसं अजून राहतायत, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

प्रश्न: रिव्हन कोसळत चाललंय असं अ‍ॅट्रस (आपल्याला तिथे पाठवणारा माणूस) सुरुवातीलाच सांगतो, पण का ते गेममध्ये कुणी धड सांगतच नाही. आणि तो सारखा काय लिहीत बसतो? स्वतः का जात नाही? (वाचक, सातारा)

मला या गेममध्ये सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या कथेतल्या ड्नी नावाच्या जुन्या लोकांची विद्या अशी की विशिष्ट शाईने विशिष्ट कागदावर एका जगाचं वर्णन लिहायचं, खडक कसला, पाणी कसं, हवा कशी, आणि ते सगळं एकमेकांशी जुळलं की पुस्तकातून त्या जगात जाता येतं. जुळलं नाही तरी जाता येतं, पण ते जग टिकत नाही. रिव्हन लिहिलं गेनने, म्हणजे अ‍ॅट्रसच्या वडिलांनी. गेनला आजूबाजूला बघायची, समजून घ्यायची सवयच नाही, जुन्या पुस्तकांतली चांगली वाटणारी वाक्यं उचलायची आणि एकापुढे एक लावायची, दहा वह्यांतले उतारे जोडून निबंध करावा तसं. एक वाक्य दुसऱ्याला छेद देतं आणि तो विरोध मग जमिनीत दिसतो. एके काळी हे एकच बेट होतं, आता पाच तुकडे आहेत आणि मधलं अंतर वाढतच चाललंय.

अ‍ॅट्रसकडे रिव्हनचं मूळ पुस्तक आहे, तो बसून त्यात दुरुस्त्या करतोय, एक भेग बुजवली की दुसरीकडे नवीन काहीतरी निघतं. हात थांबला तर जग संपेल आणि त्याची बायको कॅथरिन तिथेच कैदेत आहे, म्हणून तो उठू शकत नाही आणि म्हणून तुम्हाला पाठवतो. परतीचं पुस्तकही देत नाही, कारण गेनकडे रिव्हनबाहेर जायची वाट नाही, ते पुस्तक त्याच्या हाती लागलं तर तो तिथून सुटेल. तुमच्या हातात असतं ते गेनला अडकवायचं पुस्तक, दिसायला अगदी नेहमीच्या पुस्तकासारखं.

आता गेन तिथे काय करतोय ते बघा, म्हणजे सगळी बेटं एकमेकांना जोडली जातील. त्याला सुटायचंय, सुटायला पुस्तक हवं, पुस्तकाला कागद हवा, कागदाला लाकूड. म्हणून जंगल असलेल्या बेटावरची झाडं सपासप तोडलेली, ओंडक्यांची गाडी समुद्राखालच्या नळीतून शेजारच्या बेटावर जाते (मूळ गेममध्ये तुम्हीही त्याच गाडीत बसून जाता), तिथे मोठ्या बॉयलरमध्ये लगदा शिजतो. एवढं करूनही कागद कमअस्सलच, पुस्तकं स्वतःच्या बळावर चालत नाहीत, त्यांना बाहेरून ताकद द्यावी लागते, त्यासाठी बेटाबेटांवर ते सोनेरी घुमट. आणि तिथल्या लोकांचं मोठं पवित्र झाड होतं, ते तोडून त्याच्या बुंध्यावर तुरुंग बांधलाय, कॅथरिन आहे ती त्यातच. हे कुणी भाषण करून सांगत नाही, तुम्ही चालत जाता, बघता आणि हळूहळू कळतं.

प्रश्न: गेन स्वतःला देव का समजतो? लिहिलं म्हणजे त्यानेच ते जग घडवलं ना? (वाचक, डोंबिवली)

गेनचं म्हणणं अगदी हेच, मी लिहिलं म्हणून हे आहे, म्हणून इथली माणसं माझी. अ‍ॅट्रसचं म्हणणं उलट, जग आधीपासून कुठेतरी असतंच, आपण लिहून फक्त तिथे जायची वाट उघडतो. मला अ‍ॅट्रसचं पटतं, आणि ही नुसती चर्चा नाहीये. पहिल्या बेटावरच्या देवळात गेन स्वतःची प्रचंड प्रतिमा दाखवून लोकांना धाकात ठेवतो, आणि झाडीतल्या वाटेवर एक लहान मुलगी तुम्हाला बघून पळून जाते, कारण बाहेरून येणारा माणूस म्हणजे काय याचा त्या लोकांना जो अनुभव आहे तो गेनचाच. माणसं आपण घडवली असं एकदा मानलं की त्यांच्याशी कसंही वागायला मोकळीक मिळते, गेनची सगळी दहशत तिथून येते.

प्रश्न: १९९७ चा जुना रिव्हन खेळतेय, तिथल्या आकड्यांच्या चिन्हांवर अडकलेय. वॉकथ्रू (तयार उत्तरं) बघू का? आणि माझा १३ वर्षांचा मुलगा शेजारी बसून बघतो, चालेल ना? (वाचक, कोल्हापूर)

वॉकथ्रू नको, गेममधल्या गावातल्या शाळेत जा. तिथे एक लाकडी खेळणं आहे, खाली वार्क नावाचा भयानक जलचर आणि वर दोरीला टांगलेली दोन छोटी माणसं. फिरवलं की चौकटीत एक चिन्ह येतं आणि माणूस तेवढे टप्पे खाली सरकतो. टप्पे मोजायचे, चिन्ह कागदावर काढून ठेवायचं. खेळणं १० पर्यंतच जातं, पुढचं तुम्हाला ताडावं लागतं, पण ते अवघड नाही. १ चं चिन्ह उभी रेघ, ती आडवी केली की ५, दोन्ही एकत्र केल्या की ६. तसंच २ आडवं केलं की १०, ३ चे १५, ४ चे २०, आणि मधले आकडे या दोन गटांच्या जोड्या. असं २४ पर्यंत जातं, कारण ड्नी लोक २५ च्या पटीत मोजतात. वही जवळ ठेवाच, त्या सोनेरी घुमटांसाठी लागणारा आकड्यांचा कोड प्रत्येक खेळात वेगळा असतो त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर तसंही चालणार नाही.

मुलाचं म्हणाल तर मारामारी नाही, हातात बंदूक नाही, घड्याळ लावलेलं नाही. पण चुकीचा निर्णय घेतला तर काही शेवट वाईट आहेत, गोळी घातली जाते तेही दिसतं. आणि त्या खेळण्यावर आकडे शिकतात ती गावातली लहान मुलं, आणि त्या गावात लोकांना खरोखर वार्कच्या तोंडी दिलं जातं. तेरा वर्षांच्या मुलाला हे समजतं, तो विचारेलही, तेव्हा शेजारी बसूनच खेळा आणि चिन्हं वहीत उतरवायचं काम त्याच्याकडे द्या.