शिक्षणासाठी एकटी जर्मनीला जाणारी मुलगी कितपत सुरक्षित असते?

तू लिहिलंयस की ऑक्टोबरमध्ये मास्टर्ससाठी स्टुटगार्टला निघाली आहेस आणि घरापासून लांब एकटीने राहायची ही पहिलीच वेळ. बाबांचा आग्रह आहे की पहिले काही महिने ‘ओळखीतल्या कुणाकडे तरी’ राहा. मैत्रिणी म्हणतात पेपर स्प्रे घेऊन जा. मी आखनला शिकले आणि नोकरीमुळे स्टुटगार्टलाच स्थिरावले, त्यामुळे तुझं शहर माझं रोजचं आहे. वयाने लहान असशील असं धरून अगं-तुगं करते.

घरच्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं ते मला माहीत आहे: रात्र, सुनसान रस्ता आणि अनोळखी माणूस. त्यातला सुनसान रस्ता तुला इथे रोज भेटेल. रविवारी दुकानं बंद, उपनगरात तर दुपारीही चिटपाखरू नसतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत लख्ख उजेड, त्यामुळे ‘दिवेलागणीच्या आत घरी’ हा नियम इथे कामाचा नाही. लॅबमधून सहाला निघालीस तरी हिवाळ्यात रात्रच असते. विद्यापीठाच्या फायहिंगन कॅम्पसवरून आल्मांडरिंगच्या वसतिगृहांकडे त्या वेळी मुली एकट्या चालत, सायकलवर जात असतात. ही भीती पहिल्या महिन्यात आपोआप मोडते.

सावध राहायचं ते उलट गर्दीत. मुख्य स्टेशनचा परिसर, शुक्रवार-शनिवारच्या रात्री, आणि तू येशील तेव्हा कदाचित चालूच असलेली कानश्टाटची जत्रा, जिला इथे सगळे ‘वाझन’ म्हणतात. त्या दिवसांत संध्याकाळनंतरच्या एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, निम्मा डबा बिअर पिऊन गात असतो. बहुतेक जण निरुपद्रवी असतात, पण अंगचटीला येणारेही त्यातच असतात.

पण खरं सांगू? इथल्या आपल्या मुलींचे जे किस्से माझ्यापर्यंत आले, त्यांत अंधारातला परका माणूस क्वचितच होता. होता तो खोली देणारा, पार्टीतला मित्राचा मित्र, किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा ‘काही लागलं तर सांग हं’ म्हणणारा सीनियर. नॉयश्वानश्टाईन किल्ल्याजवळची जून 2023 ची घटना तू वाचली असशील. फिरायला आलेल्या दोन अमेरिकन मुलींना वाटेत एक अमेरिकनच भेटला. छान देखावा दिसणारी जागा दाखवतो म्हणून त्याने त्यांना आडवाटेला नेलं, हल्ला केला आणि दरीत ढकललं. एक वाचली, एक गेली. पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. आपल्या देशाचा, आपल्या भाषेत बोलणारा माणूस परदेशात भेटला की आपण जरा सैल होतो, आणि हे मराठी मुलींनाही तितकंच लागू आहे.

म्हणून सगळ्यात जास्त डोकं खोलीवर लाव. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, किल्ली पोस्टाने येईल’ हा ठरलेला फसवणुकीचा प्रकार आहे, त्यात फक्त पैसे जातात. ‘फक्त मुलींसाठी, भाडं नाही, घरकामात थोडी मदत’ अशी जाहिरात दिसली तर मात्र उत्तरसुद्धा देऊ नकोस. त्या मदतीचा अर्थ खोलीत शिरल्यावर कळतो. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. स्वतंत्र फ्लॅट भाड्याने घेतलास तर तुझ्या परवानगीशिवाय घरमालकाला जादा किल्ली ठेवता येत नाही, न सांगता आत येताही येत नाही. मनात शंका असेल तर कुलपाचा सिलिंडर स्वखर्चाने बदल. जुना जपून ठेव, घर सोडताना परत बसवून दे. घरमालकाच्याच घरात एखादी खोली घेणार असलीस तर आत त्याच्याशिवाय कोण राहतं आणि खोलीला आतून कुलूप लागतं का, हे आधीच बघ.

आणि ती बेलची पाटी! इथे फ्लॅटला नंबर नसतात. खाली दारावर बेलची बटणं असतात, प्रत्येकापुढे नाव, आणि पोस्टमनही नावावरूनच पत्र टाकतो. तिथे पूर्ण नाव लिहिलंस तर वाटेने जाणाऱ्यालाही कळतं की वर एक बाई एकटी राहते. नुसतं आडनाव लिही. पत्रं तेवढ्यावर येतात. अनोळखी आवाजाने खालून ‘पोस्ट’ म्हटलं की सगळे सवयीने बटण दाबून दार उघडतात. तू खिडकीतून खाली बघ, मग ठरव. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तुझं पूर्ण नाव आणि ओळख पटण्याइतकी माहिती असलेला माणूस नोंदणी कार्यालयात (जिथे प्रत्येकाला राहता पत्ता नोंदवावा लागतो) शुल्क भरून तुझा पत्ता काढू शकतो. कुणी पिच्छा पुरवत असेल तर त्याच कार्यालयात अर्ज करून ही माहिती बंद करून घेता येते. धोका दाखवावा लागतो, पण मिळते.

आता प्रवास. रात्री चालकाच्या जवळच्या डब्यात बस. फलाटावर आपत्कालीन बटणाचे खांब असतात ते एकदा दिवसा नजरेखालून घाल. बर्लिनमध्ये राहायला गेलीस तर रात्री आठनंतर बसचालक दोन थांब्यांच्या मध्येही उतरवतो, फक्त आधी सांगायचं. काही शहरांत बायकांना रात्रीच्या टॅक्सीत सवलत असते. युरोपात फिरशील तेव्हा ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाईटजेट गाड्यांत बायकांसाठी वेगळे कंपार्टमेंट मागता येतात, प्रवाशांसाठीच्या हॉस्टेलमध्ये मुलींची डॉर्मिटरी मिळते. थोडे पैसे जास्त पडले तरी घे.

कुणी त्रास द्यायला लागला तर आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? सरकून बसायचं, मोबाइलमध्ये बघायचं, तमाशा नको. इथे तमाशाच कर. एका रात्री एस-बानमध्ये रिकामी बाकं सोडून एक जण माझ्या शेजारी येऊन टेकला आणि गुडघा लावायला लागला. मी उभी राहिले आणि पूर्ण डब्याला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘लासन झी मिश इन रूऽ!’ म्हणजे मला त्रास देऊ नका. पलीकडच्या बाकावर विणकाम करणाऱ्या आजी सुया पिशवीत टाकून थेट माझ्या बाजूला येऊन बसल्या, आणि तो पुढच्या स्टेशनला उतरला. यात ‘झी’ म्हणजे अहो-जाहो करणं मुद्दाम असतं, इथले पोलीसही तसंच शिकवतात. अरे-तुरे केलंस तर बघणाऱ्यांना वाटतं हे नवरा-बायकोचं भांडण आहे, आणि कुणी मध्ये पडत नाही. मदत मागतानाही सगळ्यांना मिळून हाक मारू नकोस. एकाला पकड: तुम्ही, निळ्या जॅकेटवाले, पोलिसांना फोन करा.

पोलिसांचा नंबर 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमन 112. फोनमध्ये चालू सिम हवं, बिनसिमच्या फोनवरून जर्मनीत 112 लागत नाही. बायकांसाठी 116 016 ही मोफत, चोवीस तास चालणारी सल्ल्याची लाइन आहे, इंग्रजीतही बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही. मार खाल्लेला असण्याची वाट बघू नकोस, नुसतं ‘हे बरोबर चाललंय का’ विचारायलाही तिथे फोन करता येतो. बऱ्याच शहरांतल्या पबमध्ये काउंटरवर जाऊन ‘लुईसा इथे आहे का?’ असं विचारलंस की कर्मचारी आणखी काही न विचारता तुला बाजूला नेतात. 2016 साली म्युन्स्टरमधून हे सुरू झालं. त्याच वर्षी लैंगिक अत्याचाराचा कायदाही बदलला. 31 डिसेंबर 2015 च्या रात्री कोलोनमध्ये गर्दीत अनेक बायकांवर लैंगिक हल्ले झाले, त्यानंतर गाजलेल्या चर्चेतून. आता नाही म्हटलेलं असणं पुरेसं आहे, झटापट केल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

पेयात काही घातल्याचा संशय आला तर झोपून काढू नकोस. त्यातल्या काही द्रव्यांचा मागमूस लघवीतसुद्धा बारा तासांनंतर सापडत नाही. सरळ हॉस्पिटलमध्ये जा. तक्रार करायची की नाही हे ठरत नसेल तरी अनेक ठिकाणी पुरावे गोळा करून जपून ठेवतात आणि पोलिसांना कळवत नाहीत. तुला सावकाश ठरवता येतं. आणि तक्रार केली म्हणून व्हिसा जात नाही. ही भीती घालणाराच बहुतेक वेळा तो असतो ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायची असते.

पेपर स्प्रे भारतातून आणू नकोस, विमानात अडेल. इथे तो ‘प्राण्यांपासून बचाव’ अशा लेबलखाली दुकानात मिळतो. मी स्वतः ठेवत नाही. वारा उलटा असला की तो आपल्याच डोळ्यांत, आणि बॅगेच्या तळातून काढेपर्यंत वेळ गेलेली असते. त्यापेक्षा पिन ओढली की किंचाळणारा छोटा अलार्म पर्सच्या पट्ट्याला लाव.

राहता राहिले बाबा. त्यांच्या ओळखीतलं ते घर म्हणजे आत्याची चुलत नणंद आणि तिचं कुटुंब असेल, तर जरूर जा. पण ‘मित्राच्या ऑफिसमधल्याचा भाचा, एकटाच राहतो, मोठा फ्लॅट आहे’ अशातलं असेल तर सरळ नाही म्हण, आणि विद्यार्थी वसतिगृह मिळेपर्यंत प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये राहा. विमान दिवसा उतरेल असं बघ. बाबांना तीन नंबर देऊन ठेव: वसतिगृहाच्या केअरटेकरचा, म्युनिकमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा (स्टुटगार्टचं राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग त्यांच्याकडे येतं) आणि इथल्या एका मैत्रिणीचा. रोजचं लाइव्ह लोकेशन त्या मैत्रिणीला दे, आईला नको. तू रात्री अकराला घरी येतेस तेव्हा पुण्यात हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात, आई बिचारी जागी राहील आणि करू काहीच शकणार नाही.