शहरातलं जुनं संग्रहालय पर्यावरणाचं भान ठेवून कसं दुरुस्त करावं आणि वाढवावं?

तुमच्या नगरपालिकेचं शंभर वर्षांचं संग्रहालय दुरुस्त करायचंय, शिवाय नवी दालनंही हवीत, तर सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी जुन्या इमारतींची दुरुस्ती साइटवर उभं राहून करून घेतो. माझं उत्तर: छपरापासून आणि पन्हळींपासून. सोलर पॅनेल, नवी विंग हे सगळं त्यानंतर.

दुसरी गोष्ट चुन्याची. एका जुन्या सरकारी इमारतीत आमच्या आधीच्या ठेकेदाराने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला होता. दोन पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागला. बोटाने ठोकलं की बद्द आवाज यायचा, आणि गिलावा सोलला तर आतली वीट ओलीगच्च. ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती, म्हणून ती सागवानी तुळयांच्या टोकांत शिरली. तुळया बदलाव्या लागल्या, आणि ते पाहून मला आजही वाईट वाटतं. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. आधी चुना मळणारा कारागीर शोधा, मग ठेकेदार.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मुद्दाम पाहून या. ते १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांचा त्रिपक्षीय करार झाला आणि संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी काम केलं. ओतीव लोखंडाचे खांब, मिंटन या इंग्लिश कंपनीच्या फरशा, लाकडी कपाटं, जे होतं तेच सावरलं. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरीही पुढे ते दुरुस्तीसाठी पुन्हा काही वर्षं बंद ठेवावं लागलं आणि २०२५ मध्ये उघडलं. म्हणून देखभालीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा काढा.

विस्ताराचंही तिथेच बघा. २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांच्या नव्या विंगचा आराखडा निवडला गेला: पावसाच्या पाण्याचा तलाव आणि पाण्याखाली सौर पेशी. कल्पना देखणी होती, पण विंग काही उभी राहिली नाही. तुम्ही लहान सुरुवात करा. तिकीट खिडकी, स्वच्छतागृहं, कोठार आणि कार्यालय मागच्या एखाद्या पडीक शेडमध्ये हलवा. जुन्या इमारतीत दालनांना आपोआप जागा होते. एसी सगळीकडे नको. कागद आणि कापडासाठी एक बंदिस्त खोली पुरे. दगड, धातूच्या वस्तूंना खेळती हवा आणि कोरडी भिंत मिळाली तरी बरंच काम होतं.

येत्या जुलैत, धो धो पाऊस असताना, टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर जा. पाणी जिथे जिथे उतरतं तिथे खडूने खुणा करा, फोटो काढा आणि तो नकाशा निविदेला जोडा.