वंशभेद रोखायला ग्रामपंचायत काय करू शकते?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सिद्दी मुलांना रंगावरून, केसांवरून चिडवण्याचा आहे. पंचायत बरंच करू शकते. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, पण हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच रानात राबताहेत. त्यांना परके म्हणणं मला फार लागतं.

आधी जमातीचे दाखले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, बेळगावातल्यांना थेट २०२० मध्ये. पंचायतीने वाडीवर जाऊन अर्ज भरून घ्यावेत, तालुक्याला हेलपाटे घालायला लावू नयेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. ती सभाही वाडीजवळ, त्यांना कळेल त्या भाषेत व्हावी.

शाळेच्या समितीवर सिद्दी पालक घ्या. चारचौघांत जमातीवरून अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. तक्रारीला पंचायत सदस्याने सोबत जावं.