शिक्का, नोकरी आणि आईचं ग्रीन कार्ड

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करते. कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१६ची. कंपनीने काढलेली एच-१बीची मुदतवाढ ऑक्टोबर २०२७पर्यंत आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसा २०२४मध्येच संपला. नवरा एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असून ईएडी या कामाच्या परवान्यावर काम करतो. बाबांची बायपास मिरजेला ठरली आहे. आई सांगलीत एकटी. भावाने काढून दिलेलं तिचं ग्रीन कार्ड आहे, पण बाबांमुळे ती दहा महिने तिकडेच अडकली आहे. मैत्रीण म्हणते, परत येताना एक लाख डॉलर भरावे लागतील. कंपनीचे वकील फक्त 'जाऊ नका' म्हणतात. त्यात ऑफिसात कपातीची कुजबुज चालू आहे. जाऊ की नको? – सांगलीची लेक

उत्तर : ताई, आधी ते एक लाखाचं भूत उतरवू. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेतली ही रक्कम कंपनीने २१ सप्टेंबरपासून दाखल केलेल्या नव्या एच-१बी अर्जाला लागते, आणि तीही ज्याच्यासाठी अर्ज आहे तो माणूस अमेरिकेबाहेर असेल व त्याच्याकडे चालू एच-१बी व्हिसा नसेल तर. इमिग्रेशन खात्याने २० ऑक्टोबरला खुलासा केला आहे. इथे राहून मंजूर झालेल्या मुदतवाढीच्या आधारे कुणी भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेऊन परतला, तर त्याला ही रक्कम लागत नाही. विमानतळावर तर कुणीच ती मागत नाही. तुमची मंजुरी जुनीच आहे, तेव्हा मैत्रिणीला हे कळवून टाका.

मग कंपनीचे वकील घाबरतात कशाला? त्यांची भीती खोटी नाही, फक्त त्यांनी ती तुम्हाला समजावून सांगितली नाही. तुमच्याकडे दोन वेगळे कागद आहेत. आय-७९७ म्हणजे इथे राहून काम करायची परवानगी. पासपोर्टवरचा शिक्का म्हणजे दारातून आत यायची परवानगी. पहिला कागद ठणठणीत आहे, दुसरा संपलाय. इथे आहात तोवर त्याने काही बिघडत नाही, पण एकदा भारतात उतरलात की त्याच्याशिवाय परतता येणार नाही.

आणि तो मिळवणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीवाल्यांचा ड्रॉपबॉक्स (मुलाखतीशिवाय व्हिसाची सोय) बंद झाला, मुलाखत द्यावीच लागते. दुबईत किंवा मेक्सिकोत उरकून येऊ म्हणणाऱ्यांसाठी त्याच महिन्यात नियम आला की अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच करावा. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जातात, त्यासाठी ती खुली ठेवावी लागतात. या तपासणीपायी भारतातल्या डिसेंबरच्या कित्येक तारखा थेट मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांची रजा काढून गेलेली माणसं महिनोन्‌महिने माहेरी बसली. माहेरपण गोड खरं, पण पगार बंद असताना नव्हे.

पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती कपातीची कुजबुज. इथे असताना नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांची सवलत असते. त्या काळात दुसरी कंपनी अर्ज करू शकते आणि त्या अर्जाला एक लाख लागत नाहीत. शिक्का नसताना सांगलीत बसून नोकरी गेली, तर साठ दिवसांचा काहीच उपयोग नाही. नव्या कंपनीला तुमच्यासाठी अर्ज करायचा तर तेव्हा मात्र ते एक लाख खरोखर आडवे येतात. कोणती कंपनी भरेल? मंजूर आय-१४०मुळे २०१६ची तारीख सहसा हातची जात नाही, पण २०२५च्या अखेरीस ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या वर्गातली भारतीयांची रांग २०१३च्या अर्जांपाशी होती. रांगेतला नंबर आहे म्हणून आत येता येत नाही.

तेव्हा जायचंच असेल (आणि वडिलांची बायपास म्हटल्यावर 'जाऊ नका' हे उत्तर मी तरी कुणाला देणार नाही) तर आधी मुंबईच्या वकिलातीतली मुलाखतीची तारीख घ्या. मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र जोडून तातडीची तारीख मागता येते. ती मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर मुळीच मिळत नाही. साहेबांकडून लेखी घ्या की शिक्क्याला उशीर झाला तर भारतातून काम चालेल का आणि किती दिवस. उत्तर गुळमुळीत आलं तर ओळखा. दुसरीकडे बोलणी चालू असतील तर त्यांचा अर्ज तुम्ही इथे असतानाच दाखल होऊन मंजूर होऊ द्या, मगच विमानात बसा. नवऱ्याने सोबत येऊ नये, त्यालाही शिक्का लागेल. मात्र एच-४चा जीव तुमच्या एच-१बीत असतो, म्हणून तुमचा मुक्काम लांबला तर त्याच्या स्थितीबद्दल मला पुन्हा विचारा. त्याच्या ईएडीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर मुभा मिळताच अर्ज करा. ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या अर्जांना आपोआप मिळणारी वाढ बंद झाली आहे.

आता आई. तिचं प्रकरण तुमच्यापेक्षा निकडीचं आहे आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत! सलग एक वर्ष बाहेर राहिलं की नुसत्या ग्रीन कार्डावर परत येता येत नाही. दोन वर्षांपर्यंत बाहेर राहायची सोय म्हणजे री-एन्ट्री परमिट, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, सांगलीतून नाही. वर्ष उलटलं तर वकिलातीत एसबी-१ हा परतीचा व्हिसा मागावा लागेल. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने अडकले, हे तिथे पटवून द्यावं लागतं. कारण खरं असलं तरी तो रस्ता खडतर आहे.

तिच्याकडे दोन महिने आहेत. शस्त्रक्रियेनंतर तुम्ही बाबांजवळ थांबा आणि आईला भावाकडे पाठवा. तसंही शिक्क्याची वाट पाहत तुम्हाला तिथे बसावंच लागेल. आईने येऊन परमिटचा अर्ज करावा, बोटांचे ठसे देऊन झाले की परत जायला हरकत नाही. परमिट नंतर टपालाने येतं.

पण आधी तिला विचारा, तिला अमेरिकेत राहायचं आहे का? ग्रीन कार्ड राहण्यासाठी असतं, नातवंडांना भेटायच्या फेऱ्यांसाठी नव्हे. नको असेल तर ते रीतसर परत करून पर्यटक व्हिसा मागता येतो. पुढेमागे मन बदललं तर नागरिक असलेला मुलगा पुन्हा अर्ज करू शकतो. हे तिने ठरवायचं, तुम्ही भावंडांनी नाही.

ठेवायचं ठरलं तर प्रवासात बाबांची इस्पितळाची कागदपत्रं आणि इथे भरलेले कर विवरण तिच्याजवळ असू द्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर होती म्हणून अधिकारी खोदून विचारतील, कदाचित आय-४०७ नावाचा कागद पुढे करतील. तो हक्क स्वखुशीने सोडण्याचा कागद आहे. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. सही केली नाही तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं, आणि ग्रीन कार्ड गेलं की राहिलं हे तिथे ठरतं. 'आय-४०७वर सही करायची नाही' हे मोठ्या अक्षरात, मराठीत लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. फोनवर सांगितलेलं सोळा तासांच्या प्रवासानंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.