आश्रयार्थी, निर्वासित की शरणार्थी?

कोल्हापुरातल्या एका अनुवादक मैत्रिणीनं विचारलंय: ‘असायलम सीकर आणि रेफ्युजी या दोघांनाही मराठी बातम्यांत सरसकट निर्वासित म्हणतात. ते बरोबर आहे का? पहिल्यासाठी शरणार्थी चालेल का?’

माझं मत: पहिल्यासाठी, म्हणजे आश्रयाचा अर्ज केलाय पण निकाल लागलेला नाही अशा माणसासाठी, ‘आश्रयार्थी’; दुसऱ्यासाठी ‘निर्वासित’. ‘शरणार्थी’ मराठीत शक्यतो नको.

निर्वासित म्हणजे राहत्या जागेवरून ज्याला बाहेर काढलं तो. कुणीतरी हाकललं, हे शब्दाच्या पोटातच आहे. कोल्हापूरला हा शब्द कोशातून शिकावा लागला नाही. १९४३ साली शहराजवळ वळिवड्याला पोलिश लोकांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत सत्तेनं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही कुटुंबं पोलंड आणि सोव्हिएत संघातल्या १९४१ च्या करारानंतर सुटली आणि इराणमार्गे हिंदुस्थानात आली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. बराकींची वस्ती, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं तिथं होतं. युद्ध संपलं, पण बहुतेकांना परतायला गाव उरलं नव्हतं; त्यांचा मुलूखच सोव्हिएत संघात गेला होता. पुढं त्याच जागी फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं वसली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

पोलिश काय, सिंधी काय, दोघांनाही निर्वासित हा शब्द नेमका बसतो. मात्र दोघांनाही आसरा मिळाला तो समूह म्हणून. ‘तुमचा छळ खरंच झाला का, ते सिद्ध करा’ असं एकेका कुटुंबाला वेगळं बसवून विचारलं गेलं नाही. आश्रयार्थ्याचं सगळं आयुष्य नेमकं या प्रश्नावर टांगलेलं असतं. म्हणून त्याला वेगळा शब्द हवा.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळं तरी छळ होण्याची साधार भीती असेल आणि माणूस स्वतःच्या देशाबाहेर असेल, तर तो निर्वासित. पण ‘साधार’ हे ठरवायचं कसं? मुलाखत घेऊन. घर कोणत्या तारखेला सोडलं, दारात कोण आलं होतं, धाकटा तेव्हा केवढा होता. रात्रीत निघालेल्या बाईजवळ कागद नसतात, आणि दोन वेळच्या सांगण्यात तारीख बदलली की तिच्यावरचा विश्वास डळमळतो. निकालाला कधी कधी वर्षं लागतात. ब्रिटनमध्ये तर अर्ज बारा महिने पडून राहिल्याशिवाय कामाची परवानगी मागताही येत नाही. पोरं तोवर नव्या भाषेत शाळा शिकू लागतात आणि आईबापांना उद्या इथं असू का, हेही ठाऊक नसतं. भारतानं या करारावर सही केलेली नाही. इथं तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांचं काम भारत सरकार बघतं. अफगाणिस्तान, म्यानमारमधून आलेल्या अनेकांचे अर्ज दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितविषयक कार्यालय तपासतं.

एक बारकावा मात्र सोडू नका. मान्यता मिळाली म्हणून कोणी निर्वासित होत नाही. तो निर्वासित असतो म्हणून त्याला मान्यता मिळते, अशी संयुक्त राष्ट्रांचीच भूमिका आहे. तेव्हा अर्जदाराला निर्वासित म्हटलं तर ते खोटं ठरतंच असं नाही. पण ‘निर्वासितांचे अर्ज फेटाळले’ या वाक्यानं वाचक गोंधळतो. तिथं ‘आश्रयार्थ्यांचे’ हवं.

‘घुसखोर’ हा शब्द मात्र या माणसांसाठी वापरूच नका, हे मी आग्रहानं सांगतो. आश्रय मागणं हा गुन्हा नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं चौदावं कलम तो हक्क देतं. जिवाच्या भीतीनं थेट आलेल्यानं विनापरवाना हद्द ओलांडली आणि लगेच हजर होऊन कारण सांगितलं, तर त्यासाठी शिक्षा करू नये, असं १९५१ चा करारही म्हणतो.

आता शरणार्थी. संस्कृतात आणि हिंदीत तो निर्दोष आहे. पण मराठी कानाला ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणं. उत्तरेत फाळणीनंतर आलेल्या अनेकांनी हा शब्द नाकारून स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतलं, त्यामागची चीड समजू शकते. उलट आश्रय आपल्या घरातला. त्याचाच ‘आसरा’ झाला. (पाणवठ्यावरच्या साती आसरा वेगळ्या, त्या अप्सरांवरून आल्या.) आपल्याकडं ‘थारा’ही आहे, पण तो बहुधा नकारातच येतो: कुठं थारा मिळंना.

चालवायलाही शब्द अवघड नाही, विद्यार्थीसारखाच चालतो: आश्रयार्थी, आश्रयार्थ्यांना, आश्रयार्थ्यांची मुलं. स्त्रीसाठी ‘आश्रयार्थिनी’ बिनधास्त लिहा; मुलं कडेवर घेऊन हद्दीवर पोचणाऱ्यांत बायका कमी नसतात. पूर्ण कुटुंबाबद्दल लिहायचं असेल तर ‘आश्रय मागणारं कुटुंब’ एवढं साधंसुद्धा पुरतं.