‘पोर उजवायचीच’: या वाक्यात मुलगी कुठे आहे?

ठाण्याच्या एका महाविद्यालयात एकांकिकेच्या तालमी घेणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. संहितेत बापाच्या तोंडी वाक्य आहे, ‘यंदा कसंही करून पोर उजवायचीच.’ तालमीतल्या एका मुलीला ते ‘उजळवायची’ वाटलं, दुसरीने त्याचा संबंध उजव्या हाताशी लावला. बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत: शब्द आला कुठून, मुलग्याच्या लग्नाला तो का वापरत नाहीत, आणि आज तो ठेवावा की काढून ‘लग्न लावून द्यायचंच’ असं करावं.

उजळणे हे ‘उज्ज्वल’वरून आलेलं. उजव्या हाताचं नातं ‘ऋजु’शी, म्हणजे सरळपणाशी लावतात, ‘उजू’ हा जुना मराठी शब्द त्याच घरातला. ‘उजवणे’ मात्र या दोन्हींपेक्षा वेगळं, ते ‘उद्यापन’मधून आलं. अद्यचं आज झालं, विद्युत्‌ची वीज झाली, तसाच इथेही ‘द्य’चा ‘ज’ झाला. सोळा सोमवार केले की त्यांचं उजवणं करायचं, मंगळागौर पाच वर्षं पुजली की ती उजवायची. व्रत संपलं, ब्राह्मण-सवाष्ण जेवली, व्रत करणारा मोकळा झाला, हा त्या क्रियापदाचा मूळ भाव. मूल होत नसलेल्या बाईला दिवस गेले की ‘कूस उजवली’ म्हणतात, तिथेही काहीतरी सफळ संपूर्ण झाल्याचा अर्थ आहे.

‘मुलगी उजवली’ यात हा सगळा अर्थ येतो. मुलीला वाढवणं हे घेतलेलं व्रत आणि लग्न हे त्याचं उद्यापन. म्हणूनच या वाक्याच्या मागोमाग ‘आता मी मोकळा’ हे वाक्य इतक्या सहज येतं. मुलग्याच्या लग्नानंतर बाप मोकळा होत नाही. मुलगा घरातच राहणार आणि सून येणार, म्हणजे तिथे काही संपत नाही, म्हणून तिथे ‘दोनाचे चार हात केले’ म्हणतात. मुलग्यासाठी हे क्रियापद अजिबात येत नाही असं मात्र नाही. ‘सगळी पोरं उजवली’ असं मिळून म्हणताना मुलगेही त्यात येतात. पण एकट्या मुलग्याबद्दल ‘त्याला उजवला’ म्हणून पाहा, कानाला खटकतंच.

मला या शब्दात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते त्याचं व्याकरण. ‘बापाने मुलगी उजवली’ हा कर्मणी प्रयोग. क्रियापद मुलीप्रमाणे स्त्रीलिंगी झालं, पण क्रिया तिची नाही. बोलताना ‘बापाने’ गळतो आणि उरतं ‘मुलगी उजवली’. ऐकताना वाटतं वाक्य तिच्याबद्दल आहे, पण करणारा वाक्याबाहेर उभा असतो. ‘मुलगी दिली’, ‘मुलगी खपवली’, ‘मुलगी दाखवली’, ‘मुलगी पसंत केली’, सगळ्यांची घडण हीच.

ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाण्याहून वाशीकडे जाताना शेजारच्या दोघी बायका बोलत होत्या. त्यातली एक म्हणाली, ‘थोरली कोपरखैरण्याला दिली. धाकटी उजवायचीय अजून. ऐरोलीला कंपनीत जाते.’ अगदी मायेने बोलत होती ती, धाकटीचं कौतुक तिच्या आवाजात भरून होतं. पण तीन वाक्यांत दोन मुलींच्या वाट्याला मिळून एकच क्रियापद असं आलं की जे मुलगी स्वतः करते: ‘जाते’.

लग्नपत्रिकाही अशीच वाचून पाहावी. वर नुसता ‘चि.’ आणि वधू ‘चि. सौ. कां.’, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. त्याला आयुष्य चिंतलं की पुरे, तिने मात्र शिवाय सौभाग्याची आकांक्षाही धरायची, आणि तेही छापून. पुढे ‘यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे’. योजणारे आईवडील, ज्यांचं लग्न आहे ती दोघंही तिथे कर्ता नाहीत. वधू पाहिजेच्या जाहिरातीतलं ‘नोकरी केल्यास हरकत नाही’ हे तर मला फार लागतं. नोकरी तिची, श्रम तिचे, आणि हरकत असण्या-नसण्याचा अधिकार सासरचा, तोही तिची भेट होण्याआधीच बजावलेला.

मग मराठीत मुलगी कर्ता होतच नाही का? होते. दोष द्यायचा असला की लगेच होते. ‘पळून गेली.’ ‘घराण्याचं नाव घालवलं.’ ‘तोंड काळं केलं.’ दोघं मिळून गेलेले असतात, पण गल्लीत बातमी फिरते ती ‘अमक्याची मुलगी पळून गेली’ अशी. आपल्या मालिकांतही हेच भरून राहिलंय. नायिका सालस, सोशिक, सोज्वळ. तिच्यावर गोष्टी ओढवतात आणि ती निभावते. ‘मला हे हवंय’ असं सरळ म्हणणारी बाई बहुतेक वेळा खलनायिका निघते. रोज संध्याकाळी हे पाहणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही, कुठली क्रियापदं चांगल्या मुलीची आणि कुठली वाईट मुलीची, हे तिला आपोआप कळतं.

साहित्याने ही घडण मोडायचा प्रयत्न फार पूर्वी केला, आणि तो ठळकपणे सांगायला हवा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागली. तीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते, ‘मी’ म्हणून. तिला दिली, तिला उजवली, ते तिला कसं लागलं, हे तिच्याच तोंडून येतं. लेखक पुरुष असूनही त्याने कर्त्याची जागा मुलीला दिली, हे मला त्या कादंबरीतलं सर्वांत मोठं काम वाटतं. देवलांचं ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९चं. त्यातला कांचनभट पैशाच्या लोभाने कोवळ्या शारदेला म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. तिथे ‘देणे’ या क्रियापदाची मागची बाजू, घेणारा आणि किंमत, रंगमंचावर उघडी पडते. (जाता जाता: १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणतात, म्हणून तो या नाटकावरून आला असं अनेकांना वाटतं. ते नाव कायद्याचं विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. त्या कायद्याने मुलीचं किमान वय १४ ठरवलं. ते १८ व्हायला १९७८ उजाडावं लागलं.) आणि १९३३मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह लिहिला, तेव्हा ‘न उजवलेल्या’ शिकलेल्या मुली स्वतःच्या मनाचं बोलू लागल्या. केवढं वादळ उठलं त्यावर! मुलीचं लग्न राहिलं यावर बोलायची मुभा सगळ्यांना होती. त्या मुलीनेच बोलावं, तिला काय हवं ते सांगावं, हे लोकांना सोसलं नाही.

आता बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. शब्द काढू नका. बाप ज्या मनाने बोलतो ते मन या एका शब्दात पूर्ण आहे; ‘लग्न लावून द्यायचंच’ म्हटलं की व्रत, भार आणि सुटका तिन्ही गळून पडतात आणि पुढच्या प्रवेशात मुलगी कशाविरुद्ध उभी राहते तेच प्रेक्षकाला कळणार नाही. पात्राच्या तोंडी हा शब्द हवाच. माझी हरकत आहे ती तो निवेदकाच्या किंवा बातमीदाराच्या तोंडी येतो तेव्हा. ‘कर्ज काढून त्यांनी दोन मुली उजवल्या’ असं बातमीत छापलं की बापाची समजूत वर्तमानपत्राची होते. तिथे ‘दोन मुलींची लग्नं केली’ एवढं पुरतं.

संहिता तुमच्या हातात आहे तर आणखी एक करून पाहा. मुलीच्या सगळ्या वाक्यांतली क्रियापदं अधोरेखित करा आणि ती स्वतः करते ती किती, ते तालमीतल्या मुलींनाच मोजू द्या. कमी निघाली तर बापाच्या वाक्याला हात न लावता तिची वाक्यं बदला.

उच्चाराचंही सांगून ठेवतो, कारण नवी मुलं इथे हमखास चुकतात: ‘उजवायची’तला ‘ज’ ‘जन्म’मधला नाही, ‘जहाज’मधला आहे.