रेट्रोस्पेक्टिव्हला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न सोलापुरातल्याच एका चित्रपटवेड्या वाचकाचा. लघुपटकार प्रमोद पती यांच्या लघुपटांचे रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे एकाच कर्त्याचे जुने चित्रपट एकत्र दाखवण्याचा कार्यक्रम, भरवायचे घाटते आहे. पत्रिकेवर 'पूर्वावलोकन' छापावे, 'पुनरावलोकन' की 'सिंहावलोकन'?

'पूर्वावलोकन' सोडा. व्युत्पत्तीने चालेल, पण मोबाइलच्या मराठीने तो शब्द 'प्रीव्ह्यू'ला देऊन टाकला आहे, म्हणजे नेमका उलटा अर्थ. शिवाय आपल्या गावात 'पूर्व' म्हटले की यंत्रमागांचा पूर्व भाग आठवतो. माग बघायला बोलावलंय, असे कुणी समजले तर त्याला हसू नये. 'पुनरावलोकना'ला समितीच्या अहवालाचा वास येतो, आणि 'पूर्वलक्षी' तर पगाराच्या थकबाकीने कधीच पळवला.

राहिला 'सिंहावलोकन'. सिंह चालता चालता मान वळवून मागे बघतो, त्यावरून हा शब्द आला. यात चालणारा आणि बघणारा एकच असतो. संपादक सरत्या वर्षाचे सिंहावलोकन करतो, अध्यक्ष संस्थेच्या वाटचालीचे. ते लिहायचे किंवा बोलायचे असते. 'सायंकाळी सहा वाजता सिंहावलोकन' असे वाचले, तर मी भाषणाच्या भीतीने घरीच बसेन. प्रमोद पती तर १९७५ मध्येच गेले; मान वळवणार कोण?

मग रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये नक्की होते काय? पती फिल्म्स डिव्हिजनचे, म्हणजे सरकारी चित्रपट विभागाचे. तिथले लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. प्रेक्षक जागा शोधत असायचा, तेवढ्यात ते संपायचेही. म्हणजे पाहिले गेले ते सुटे सुटे. आता 'एक्सप्लोरर' (१९६८) आणि 'अबिद' (१९७२) लागोपाठ लावा. 'अबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती एकेक चौकट टिपत बाहुलीसारखे हलवले आहेत. पतींनी बाहुलीपटांचे शिक्षण चेकोस्लोव्हाकियात घेतले होते, हे ठाऊक असले की तो हात ओळखू येतो. सुटे काम एकत्र आणून कर्त्याचा हात दाखवणे, हे खरे काम आहे. मागे वळून बघणे दुय्यम.

आणि या कामासाठी मराठी ग्रंथव्यवहाराने दोन शब्द केव्हाच घडवून ठेवलेत: 'समग्र' आणि 'निवडक'. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' आपण बिनदिक्कत म्हणतो. मग पडद्याने काय घोडे मारले? सगळे लघुपट मिळाले तर 'समग्र प्रमोद पती', नाही तर 'निवडक प्रमोद पती'. काही वगळले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगून होते. ती सोय 'रेट्रोस्पेक्टिव्ह'मध्ये नाही. बोलताना मात्र खुशाल 'रेट्रोस्पेक्टिव्ह' म्हणा, माझी हरकत नाही.

जाता जाता: पत्रिकेत 'प्रायोगिक माहितीपट' नको. 'प्रायोगिक'ने एक तर नाटक आठवते, नाही तर बारावीची परीक्षा. आणि 'एक्सप्लोरर' पाहून कुणाला माहिती मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. 'प्रयोगशील अनुबोधपट' छापा.